चित्रलिपीला वाचा देणारे शांपोल्याँ

फ्रान्समधील फिजाक गावी, एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी, २३ डिसेंबर १७९० रोजी झाँ-फ्रान्स्वा शांपोल्याँ यांचा जन्म झाला. थोरले बंधू झाक-जोझेफ यांनी त्यांना ग्रनोबलला शिकविले. तेथील शाळेची लष्करी शिस्त त्यांना जाचे. मन रमे ते प्राच्य भाषांत. त्यांतही कॉप्टिकवर त्यांचा विशेष जीव. इजिप्तमधील ख्रिस्ती उपासनेत टिकून राहिलेली ही भाषा म्हणजे प्राचीन इजिप्शियनचेच उत्तररूप होय.

इजिप्तच्या मंदिरांवरील लिपीचे सौंदर्यच तिच्या वाचनाच्या आड आले होते. घुबड, सिंह, साप यांच्या रेखीव आकृत्यांत पंडित शतकानुशतके गूढार्थच शोधीत राहिले. १७९९ मध्ये सापडलेल्या रोझेटा शिलालेखावर एकच मजकूर चित्रलिपी, डेमोटिक व ग्रीक अशा तीन लिप्यांत होता. शांपोल्याँ यांनी मोजदाद केली. सुमारे ५०० ग्रीक शब्दांसमोर १४०० हून अधिक चिन्हे! एक चित्र म्हणजे एक शब्द, हा समज येथेच कोसळला. इंग्रज विद्वान टॉमस यंग यांनी काही वाट आधीच मोकळी केली होती, हेही नमूद करणे न्यायाचे.

सप्टेंबर १८२२ मध्ये अबू सिंबलच्या लेखांची रेखाटने त्यांच्या हाती आली. एका राजनामात आरंभी सूर्यबिंब होते. सूर्याला कॉप्टिकमध्ये ‘रे’ म्हणतात. शेवटी ‘स’ दोनदा होता. मधले चिन्ह जुळविताच ‘रामसेस’ हे नाव उमटले. एकाच नावात काही चित्रे अर्थ सांगत होती, काही ध्वनी.

१८२८-२९ मध्ये ते प्रत्यक्ष इजिप्तला गेले. पशुपक्ष्यांची तोंडे ओळीच्या आरंभाकडे असतात, चिन्हे जणू अदृश्य चौकटींत तोलून बसविलेली असतात, हे भिंतीसमोर उभे राहूनच खरे उमगते. लिहिणे आणि रेखाटणे यांना त्या भाषेत शब्दही एकच. तरीही याच रसिकाने पहिल्या सेतीच्या थडग्यातील एक कोरीव शिल्पपट कापून पॅरिसला नेला. आणि त्याच १८२९ साली स्मारकांचा विध्वंस थांबवावा, असे निवेदन महंमद अलींना दिले. ही विसंगती चरित्रकाराने झाकू नये. तो पट आज लूव्र संग्रहालयात आहे. थडग्यातील ती जागा रिकामी आहे.

१८३१ मध्ये कोलेज द फ्रान्समध्ये त्यांच्यासाठी अध्यासन निर्माण झाले, पण प्रकृती ढासळली होती. ४ मार्च १८३२ रोजी, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्या इजिप्शियन व्याकरणाचे हस्तलिखित थोरल्या बंधूंनी सांभाळले आणि १८३६ पासून ते छापून प्रसिद्ध केले.