परम्याचा जंतू शोधणाऱ्या डॉक्टरला ३०० मार्क दंड का झाला?

गोनोरिया म्हणजे आपल्याकडे ज्याला परमा म्हणतात तो आजार. शरीरसंबंधातून पसरतो. लघवीला जळजळ होते, पू येतो. ज्या जंतूमुळे तो होतो, त्याला आल्बर्ट नायसर या डॉक्टरचं नाव मिळालंय.

नायसर यांचा जन्म २२ जानेवारी १८५५ चा. गाव श्वाइडनित्झ, तेव्हा प्रशियात, आता पोलंडमध्ये. वडील डॉक्टर. शाळेत त्यांच्या वर्गात पॉल एर्लिक होते, ज्यांना पुढे नोबेल मिळालं.

तेव्हा परम्याचं निदान लक्षणांवरूनच व्हायचं. १८७९ मध्ये ब्रेस्लाऊ शहरात २४ वर्षांच्या नायसरनी रुग्णांचा पू काचेवर घेतला, त्याला रंग दिला आणि मायक्रोस्कोपखाली पाहिला. कॉफीच्या बियांसारखे, जोडीजोडीने चिकटलेले जंतू दिसले. नवजात बाळांच्या डोळ्यांतल्या पुवातही तेच!

२७ व्या वर्षी ते प्राध्यापक झाले. आता त्यांना सिफिलिसवर, म्हणजे गरमीवर लस हवी होती.

इथेच गडबड झाली.

१८९२ मध्ये त्यांनी सिफिलिसच्या रुग्णांच्या रक्तातला द्रव काही तरुणी आणि मुलींना टोचला. त्या दुसऱ्याच आजारांसाठी दवाखान्यात आल्या होत्या. काही वेश्याव्यवसायातल्या होत्या. त्यांना ना काही सांगितलं, ना विचारलं. पुढे त्यातल्या काहींना सिफिलिस झाला. तो त्यांच्या धंद्यामुळे झाला, असं नायसर यांचं म्हणणं होतं.

१८९८ मध्ये त्यांनी स्वतःच हे छापलं आणि वर्तमानपत्रांतून ओरड सुरू झाली. बहुतेक डॉक्टर त्यांच्याच बाजूने होते. तरीही १९०० मध्ये ३०० मार्क दंड झाला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला प्रशियाच्या सरकारने आदेश काढला: उपचाराशी संबंध नसलेले प्रयोग अल्पवयीनांवर करायचे नाहीत आणि इतरांवर धोके समजावून, स्पष्ट संमती घेतल्याशिवाय करायचे नाहीत. संमतीबद्दलच्या जगातल्या सुरुवातीच्या सरकारी नियमांपैकी हा एक.

नायसर यांचं काम थांबलं नाही. १९०६ मध्ये सिफिलिस ओळखणारी वासरमन रक्तचाचणी आली, त्यातही ते होते. ३० जुलै १९१६ ला ते वारले.

पू रंगवून बघायची पद्धत आजही वापरतात, सोबत जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचण्याही आल्यात. अनेक बायकांना परम्याची लक्षणं जाणवतच नाहीत, म्हणून शंका आली तर तपासणी करायलाच हवी.

आणि दवाखान्यात संमतीचा कागद समोर आला, तर न वाचता सही करू नका. तो हक्क मिळण्यामागे ब्रेस्लाऊच्या त्या मुलीही आहेत, ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं.