वॉल्डेमार हाफकिन

वॉल्डेमार मोर्डेकै हाफकिन (१५ मार्च १८६०, ओडेसा – २६ ऑक्टोबर १९३०, लोझान, स्वित्झर्लंड) हे कॉलरा व प्लेग या रोगांवरील प्रतिबंधक लशी तयार करणारे जीवाणुशास्त्रज्ञ होते. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

ओडेसा येथे इल्या मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आल्यावर त्यांना आरंभी ग्रंथालयातील काम पत्करावे लागले. तेथेच त्यांनी कॉलऱ्याची लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. कॉलऱ्याचा जीवाणू व्हिब्रिओ या प्रजातीतील आहे. याच प्रजातीतील दुसरा एक जीवाणू दूषित समुद्री मासळीतून विषबाधा घडवतो. तो मात्र हाफकिन यांच्या मृत्यूनंतर, १९५० मध्ये ओसाका येथील विषबाधेच्या तपासात सापडला.

१८९३ मध्ये ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर त्यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात काम सुरू केले. जीवाणू वाढवण्याच्या मांसरसावर ते तुपाचे थेंब सोडीत व जीवाणूंची वाढ त्या थेंबांना लोंबू लागे. नंतर उष्णतेने जीवाणू मारून लस बनवली जाई. १० जानेवारी १८९७ रोजी हीही लस त्यांनी आधी स्वतः घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली.

मुलकोवाल प्रकरण

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही बाधा झाली नाही. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला, कारण लशीत कार्बोलिक आम्ल घालण्याची पद्धत हाफकिन यांनी सोडून दिली होती. त्यांना पद गमवावे लागले. वास्तविक बाटली उघडताना हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला होता. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. दूषितता तेव्हापासूनची असती, तर उघडतानाच दुर्गंधी आली असती. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले व कलकत्त्यात पुन्हा रुजू झाले. मुंबईची प्रयोगशाळा मात्र त्यांना परत मिळाली नाही.

१९२५ मध्ये या प्रयोगशाळेचे नामांतर हाफकिन संस्था असे करण्यात आले.