बांबुळीची नात विम्बल्डनवर: लीला राव आणि बंद पडलेली अखिल भारतीय स्पर्धा

दरवर्षी जूनचा शेवट आला की विम्बल्डनच्या बातम्या सुरू होतात. भारतीय महिला टेनिसचा विषय निघाला की सानिया मिर्झाचं नाव येतं, आणि ते बरोबरच आहे. हैदराबादच्या या मुलीनं 2005 मध्ये विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकला. पण तिच्या आधी 71 वर्षं, म्हणजे 1934 मध्ये, एका भारतीय बाईनं तिथं पहिल्यांदा एकेरीचा सामना जिंकला होता. तिचं नाव लीला राव. आणि तिच्या आईचं माहेर आपल्याच पट्ट्यातलं, सिंधुदुर्गातल्या बांबुळीचं पंडित घराणं.

ही गोष्ट कोकणात, गोव्यात, बेळगावात फार कमी लोकांना ठाऊक आहे. एक कारण नावाचं. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचं आडनाव जुन्या पद्धतीनं 'रो' वाचलं जाईल असं लिहिलेलं आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला ती कोणी मद्रासकडची किंवा थेट परदेशी खेळाडू वाटते. दुसरं कारण जास्त मोठं आहे. ज्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या सात वेळा अजिंक्य ठरल्या, ती स्पर्धाच आज उरलेली नाही.

आजोबा, आई आणि पुस्तकांचं घर

लीलाबाईंचे आजोबा म्हणजे शंकर पांडुरंग पंडित. जन्म 1840 चा. संस्कृतचे मोठे अभ्यासक. कालिदासाच्या ग्रंथांच्या त्यांनी काढलेल्या आवृत्त्या मुंबईच्या सरकारी संस्कृत मालेत निघाल्या. तुकारामांच्या गाथेची जी आवृत्ती सरकारी खर्चानं छापली गेली, तिच्या दोन संपादकांपैकी ते एक. ऋग्वेदाचा मराठी अर्थ लोकांपुढे ठेवण्यासाठी त्यांनी 'वेदार्थयत्न' हे मासिक चालवलं. पुढे ते पोरबंदर संस्थानचा कारभार पाहायला गेले. भारतभर फिरत असताना स्वामी विवेकानंद पोरबंदरला त्यांच्याच घरी मुक्कामाला होते. संस्थानांच्या नोकरीनिमित्त गुजरातेत, माळव्यात गेलेली मराठी घराणी वडोदरा आणि इंदूरच्या वाचकांना नवी नाहीत. हे त्यातलंच एक. विजयालक्ष्मी पंडित यांचे पती रणजित पंडित हेही याच घराण्यातले.

शंकररावांनी अथर्ववेदाची सायणभाष्यासह आवृत्ती तयार केली होती, पण ती छापून झालेली पाहायला ते राहिले नाहीत. 1894 मध्ये ते वारले. त्यांची मुलगी क्षमा तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. कर्ता माणूस गेल्यावर मोठ्या घराचं काय होतं हे सांगायला नको. क्षमाबाईंचं बालपण नातेवाइकांच्या आधारानं गेलं. कॉलेजचं शिक्षण लग्नामुळे अर्धवट राहिलं. लग्न झालं मुंबईतले नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी. 19 डिसेंबर 1911 ला त्यांना मुलगी झाली, ती लीला.

क्षमाबाईंनी नंतर जे केलं ते त्या काळात नवलाचं होतं. संस्कृत त्या पुन्हा जिद्दीनं शिकल्या आणि शिकता शिकता कवयित्री झाल्या. गांधीजींच्या सत्याग्रहावर त्यांनी 'सत्याग्रहगीता' हे संस्कृत काव्य लिहिलं. इंग्रजी अमलात ते इथं छापणं जोखमीचं होतं, म्हणून 1932 मध्ये ते पॅरिसला प्रसिद्ध झालं. वडिलांचं चरित्रही त्यांनी संस्कृत श्लोकांत लिहिलं. तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर या आपल्या संतांची चरित्रं त्यांनी संस्कृतात नेली. 'पंडिता' ही पदवी त्यांना याच कामासाठी मिळाली.

आणि या पंडिताबाई टेनिस खेळायच्या. नुसत्या संध्याकाळची हवा खायला म्हणून नव्हे. 1920 च्या दशकात मुंबई इलाख्याच्या स्पर्धेत त्या जिंकलेल्या होत्या. एका मुलीची आई, घरात पाहुण्यारावळ्यांचा राबता, टेबलावर पाणिनी आणि संध्याकाळी कोर्टवर रॅकेट. लीलाबाईंना टेनिस कुठून मिळालं याचं उत्तर घरातच आहे.

त्या काळचं टेनिस म्हणजे काय होतं

आज मुलाला टेनिसला घालायचं तर पालक आधी खर्च विचारतात. तेव्हाही तोच प्रश्न होता, फक्त उत्पन्नाची बाजू पूर्ण कोरी होती. 1968 पर्यंत मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंच्याच होत्या. जिंकलं तरी बक्षिसाची रक्कम नाही, चषक तेवढा मिळायचा. प्रवास, रॅकेट, चेंडू, क्लबची वर्गणी सगळं स्वतःच्या खिशातून. मुंबईहून बोटीनं इंग्लंडला पोचायला दोन-अडीच आठवडे लागत. वर अनेक गोऱ्या क्लबांत हिंदी माणसाला सभासदत्वच मिळत नसे. त्यामुळे टेनिस हा संस्थानिक, बडे सरकारी अधिकारी, इंग्रज कुटुंबं आणि मोजक्या सधन हिंदी घरांचा खेळ होता. राव कुटुंब त्या मोजक्यांत होतं, हे सरळ सांगितलं पाहिजे. पण पैसा कोर्टपर्यंत नेतो. समोरून आलेला चेंडू परत मारायचा तर तो आपल्यालाच मारावा लागतो.

अशा काळात 1910 मध्ये अलाहाबादला अखिल भारतीय लॉन टेनिस स्पर्धा सुरू झाली. तोपर्यंत देशात प्रांतांच्या, छावण्यांच्या, क्लबांच्या स्पर्धा होत. सगळ्या देशाचा अजिंक्य कोण, हे ठरवायची जागा या स्पर्धेनं दिली. खेळाची देशपातळीवरची संघटना त्यानंतर दहा वर्षांनी, 1920 मध्ये लाहोरला स्थापन झाली. 1921 मध्ये भारताचा संघ पहिल्यांदा डेव्हिस कपला उतरला आणि त्यानं फ्रान्सला हरवलं. म्हणजे संघटना आणि संघ या दोन्हींच्या आधीपासून ही स्पर्धा चालू होती.

महिलांच्या बाजूनं आधी बंगालकडच्या जेनी सँडिसन यांचं नाव गाजलं. 1929 मध्ये विम्बल्डनला उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. लीलाबाई पुढे आल्या त्या याच वेळी.

सात वेळा अजिंक्य

1931 मध्ये लीला राव यांनी अखिल भारतीय स्पर्धेत महिला एकेरीचं अजिंक्यपद पहिल्यांदा मिळवलं. वय तेव्हा विशीच्या आत. त्यानंतर 1936, 1937, 1938 अशी सलग तीन वर्षं. मग 1940, 1941 आणि शेवटी 1943. याशिवाय तीन वेळा त्या उपविजेत्या राहिल्या. म्हणजे तेरा वर्षांत दहा अंतिम सामने आणि त्यातले सात जिंकलेले. कुठल्याही खेळात इतका काळ एकाच स्पर्धेच्या माथ्यावर टिकून राहणं सोपं नसतं. दरवर्षी नवी पोरं येतात, पाय जड होतात, घरच्या अपेक्षा बदलतात. त्या काळात तर विशी ओलांडलेल्या मुलीनं स्पर्धा खेळत राहणं हीच चर्चेची गोष्ट.

मधल्या वर्षांत त्या विम्बल्डनला गेल्या. 1934 ची स्पर्धा. त्या वर्षी पुरुषांत फ्रेड पेरी आणि महिलांत डोरोथी राउंड जिंकल्या. लीलाबाईंचा पहिल्या फेरीचा सामना इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेल यांच्याशी होता. पहिला सेट लीलाबाईंनी 4-6 असा गमावला. दुसरा सेट लांबला. तेव्हा टायब्रेक नव्हता, तो विम्बल्डनला 1971 मध्ये आला. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं, एवढाच नियम. हा सेट लीलाबाईंनी 10-8 असा घेतला. एका सेटमध्ये अठरा गेम, त्याही एक सेट मागे असताना आणि समोर घरच्या मैदानावरची खेळाडू. तो सेट निसटला असता तर सामना तिथंच संपला असता. तिसरा सेट मात्र 6-2 असा सरळ गेला. विम्बल्डनच्या एकेरीत भारतीय महिलेचा हा पहिला विजय.

दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफ यांनी त्यांना हरवलं. पुढच्या वर्षी, 1935 मध्ये, त्या पुन्हा गेल्या पण पहिल्याच फेरीत बाहेर पडल्या. विम्बल्डनचा हिशेब एवढाच: एक विजय. पण तो पहिला होता.

इथं तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. लीलाबाईंचा देशातला सगळ्यात चांगला काळ 1936 ला सुरू झाला, आणि 1940 ते 1945 या वर्षांत महायुद्धामुळे विम्बल्डन झालंच नाही. त्यांची शेवटची तीन राष्ट्रीय पदं त्याच वर्षांतली आहेत. देशात त्या जिंकत होत्या, पण जगापुढे जाऊन अजमावायचं मैदानच बंद होतं. युद्ध सुरू होण्याआधी, 1939 मध्ये, लखनऊचे गौस महंमद पुरुष एकेरीच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले, म्हणून त्यांचं नाव टिकलं. लीलाबाईंच्या वाट्याला तशी दुसरी संधी आली नाही.

रॅकेट ठेवल्यावर

लीलाबाईंचं लग्न सनदी अधिकारी हरीश्वर दयाल यांच्याशी झालं. स्वातंत्र्यानंतर दयाल परराष्ट्र सेवेत होते. सिक्कीममध्ये ते भारताचे राजकीय अधिकारी होते, पुढे नेपाळमध्ये राजदूत झाले. राजदूताच्या घरातली बाई म्हणजे पाहुणचार आणि समारंभ, असं आपल्याला वाटतं. लीलाबाईंनी वेगळं काम हाती घेतलं. भरतनाट्यमवर त्यांनी 'नृत्तमंजरी' हे पुस्तक लिहिलं, त्यात मुद्रा आणि हालचाली चित्रांसह समजावून दिल्या आहेत. खेळाडूला शरीराचा तोल आणि पावलांची जागा कळते, ती समज त्यांना इथंही उपयोगी पडली असणार.

1954 मध्ये क्षमाबाई गेल्या. मागे कथा आणि काव्यांचा मोठा पसारा होता. बालविधवा, घरात कोंडलेल्या सुना, खेड्यातल्या बायका हे त्या कथांचे विषय. संस्कृतात असे विषय तेव्हा कोणी फारसं आणत नसे. लीलाबाईंनी आईच्या या कथांची संस्कृत नाटकं केली. काव्य वाचायला वाचक लागतो, नाटक चार मुलं शाळेतही करू शकतात. आईच्या वाङ्मयाचा वाचक वाढावा यासाठी लेकीनं घेतलेली ही मेहनत.

1964 मध्ये राजदूतपदावर असताना एव्हरेस्टच्या परिसरातल्या दौऱ्यात हरीश्वर दयाल यांचं निधन झालं.

घराण्याची ओळ बघा. आजोबांची अथर्ववेदाची आवृत्ती त्यांच्यामागे पुरी होऊन निघाली. आजोबांचं चरित्र मुलीनं लिहिलं. मुलीच्या कथा नातीनं रंगभूमीसाठी लिहून काढल्या. तीन पिढ्यांत प्रत्येकाचं काम पुढच्यानं उचललं. लीलाबाईंच्या टेनिसच्या बाबतीत मात्र ते उचलायला कोणी उरलं नाही. ते काम स्पर्धेचं आणि संघटनेचं होतं.

स्पर्धा गेली की काय जातं

स्वातंत्र्यानंतर टेनिसचं केंद्र हललं. कलकत्त्याच्या साउथ क्लबवर आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या, राष्ट्रीय अजिंक्यपदाची घडी नव्यानं बसली, आणि अलाहाबादला सुरू झालेली जुनी अखिल भारतीय स्पर्धा मागे पडत गेली, शेवटी इतिहासजमा झाली. संस्थानिक गेले, इंग्रज अधिकारी गेले, त्यांच्यासोबत चषक देणारे हात आणि खर्च सोसणारे खिसेही गेले. नंतर खेळ व्यावसायिक झाला तेव्हा जगाच्या वेळापत्रकात जागा मिळवणं हाच स्पर्धेचा जीव झाला.

हे फार जुनं आहे असं समजू नका. पुण्यात बालेवाडीला 2018 पासून पुरुषांची एटीपी स्पर्धा भरत होती. त्याआधी तीच स्पर्धा वीस वर्षं चेन्नईत होती. बेळगाव, कोल्हापूर, गोव्याकडून कितीतरी लोक ती बघायला पुण्याला जायचे. 2023 नंतर तीही बंद झाली. म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर एक स्पर्धा संपली, आणि तिथं कोण जिंकलं होतं हे आजच चटकन आठवत नाही.

स्पर्धा चालू असते तोवर दरवर्षी जुन्या विजेत्यांची यादी निघते, फलकावर नाव दिसतं, नवी मुलगी ते वाचते आणि किती वेळा जिंकायचं हे मनाशी ठरवते. स्पर्धा बंद झाली की यादी कपाटात जाते. विम्बल्डन चालू आहे म्हणून लीला राव यांचा तिथला एक विजय आज तपासता येतो. अखिल भारतीय स्पर्धा बंद झाली म्हणून त्यांची सात अजिंक्यपदं कोणाच्या तोंडी नाहीत. एकाचं मोल राहिलं, सातांचं गेलं.

यात करण्यासारखं काही अवघड नाही. सिंधुदुर्गात, गोव्यात, बेळगावात दर हिवाळ्यात जिल्हा पातळीवरच्या टेनिस स्पर्धा होतात. त्यातल्या मुलींच्या एका चषकाला लीला राव यांचं नाव द्यावं. बक्षीस समारंभात दोन मिनिटं काढून ही सात वर्षं वाचून दाखवावीत: 1931, 1936, 1937, 1938, 1940, 1941, 1943. आणि चषक घेणाऱ्या मुलीला सांगावं की ही बाई आपल्याच मातीतल्या घराण्याची होती आणि एक सेट मागे पडल्यावर तिनं दुसरा दहा-आठ घेतला होता.