लोणावळ्यात घडलेले फाळके

लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलने निघाले की पहिले स्थानक लागते ते मळवली. भाजे लेणी, लोहगड आणि विसापूर पाहण्यासाठी येथे उतरणाऱ्यांची पावसाळ्यात रीघ लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी याच परिसरात देवदेवतांच्या रंगीत चित्रांचा देशभर गाजलेला छापखाना चालत होता. त्याच्या कामावर विसंबून जवळच लोणावळ्यात दुसरा, लहानसा छापखाना निघाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तो काढणारे गृहस्थ होते धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव पुढे अजरामर झाले; पण चाळिशी उलटेपर्यंत ते चित्रांवर पोट भरणारे एक धडपडे कारागीरच होते.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. घराण्याच्या परंपरेप्रमाणे मुलाने शास्त्राध्ययन करायचे. पण धुंडिराजांचा ओढा रंगरेषांकडे होता. १८८५ मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे थोरल्या बंधूंबरोबर बडोद्यास गेल्यावर तेथील कलाभवनात त्यांनी चित्रकला आणि शिल्पकामाचे शिक्षण घेतले. कलाभवनाचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी या विद्यार्थ्यातील गुण हेरले आणि ठसे तयार करण्याची व छपाईची तंत्रे शिकण्यासाठी त्यांना रतलामला धाडले.

विद्या हाती आली, पण तिच्यावर संसार कसा चालवायचा? गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथे प्लेगने पत्नी आणि मूल दोघांनाही हिरावून नेले. बडोद्यास परतून पुन्हा स्टुडिओ काढला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो या समजुतीपायी लोक फोटो काढून घेण्यास कचरू लागले. मग फाळके यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, जादूचे प्रयोगही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला आणि सरस्वतीबाई घरात आल्या. पुढच्याच वर्षी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी लागली. नियमित पगाराची ही नोकरी त्यांनी स्वदेशीच्या चळवळीने भारलेल्या दिवसांत सोडून दिली आणि भागीदाराच्या साह्याने लोणावळ्यात ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ सुरू केले.

लोणावळाच का, याचे उत्तर मळवलीत होते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला होता. मुंबईत प्लेगने थैमान घातल्यावर तो मळवलीला हलला. कर्जाच्या ओझ्यामुळे रविवर्मा यांना तो विकावा लागला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. या छापखान्यासाठी छायाचित्रावरून दगडावर प्रतिमा उतरवण्याचे काम फाळके यांच्याकडे येऊ लागले.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. कागद एकामागून एक दगडांवरून जाताना जराही सरकला, तर चित्र बिघडे. पुढे फाळके यांनी छटांचे ठिपक्यांत रूपांतर करणारे हाफटोन ठसे आणि तीनरंगी छपाईही हाताळली. प्रकाश, रसायन आणि यंत्र यांवर हुकूमत हवी, तशीच रंगांची पारखही हवी. कलाशाळेतील शिक्षण आणि अंधाऱ्या खोलीतील अनुभव यांचा असा मेळ लोणावळ्यात बसला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, संस्थानिकांच्या दिवाणखान्यातील चित्र छापले गेले की सामान्याच्या देवघरात पोहोचते, हे ते रोज पाहत होते.

काम वाढले, तसा छापखाना दादरला गेला. पुरुषोत्तम मावजी हे नवे भागीदार आले आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ हे नाव लागले. १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीला जाऊन आले. धंद्याला बरकत येत असतानाच भागीदारांशी मतभेद झाले. फाळके यांनी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता भागीदारी सोडली. वय चाळिशीचे, पदरी संसार आणि हाती केवळ कसब.

याच सुमारास मुंबईतील तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. विमा पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले. १९१२ मध्ये फाळके लंडनहून कॅमेरा आणि तंत्र घेऊन आले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला. त्यातील दृश्यरचनेचे रविवर्म्यांच्या चित्रांशी असलेले नाते अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पडदे रंगवणारा, फोटो काढणारा, जादू करणारा आणि दगडावर प्रतिमा उतरवणारा, असे सारे फाळके या एका चित्रपटात कामी आले.

पुढेही भागीदारांशी त्यांचे फारसे जमले नाही. बोलपटांच्या युगात त्यांनी ‘गंगावतरण’ (१९३७) हा एकच चित्रपट केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले, तेव्हा चित्रपटसृष्टीला त्यांची फारशी आठवण उरली नव्हती. १९६९ पासून त्यांच्या नावाने सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जाऊ लागला. मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत भस्मसात झाला. चित्रांवर जगू पाहणाऱ्या तरुणाला आजही घरातून विचारले जाते, की यात पोट भरेल का? फाळके यांच्या आयुष्यात या प्रश्नाचे ठाम उत्तर सापडत नाही. मात्र त्यांनी सोडलेल्या एकाही धंद्यातील विद्या वाया गेली नाही, एवढे खरे.