राजाश्रय आणि सत्य

शासनाने पैसा दिला की कलावंत शासनाचा भाट होतो, असा समज रूढ आहे. इंग्लंडचे आधुनिक चित्रकार पॉल नॅश (१८८९-१९४६) यांचे जीवन त्यास छेद देते. पहिल्या महायुद्धात ते सैन्याधिकारी म्हणून बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर होते. मे १९१७ मध्ये खंदकात पडून बरगडी मोडल्याने ते मायदेशी परतले. काही दिवसांतच त्यांच्या तुकडीतील अनेक सहकारी एका हल्ल्यात मारले गेले. त्याच वर्षी सरकारी युद्धचित्रकार म्हणून ते पुन्हा तेथे गेले. सरकारला प्रचार हवा होता. नॅश यांनी १९१८ मध्ये रंगविली ती झाडांची छिन्न खोडे, चिखलाचे उंचवटे आणि त्यांवर उगवणारा फिकट सूर्य. ‘आम्ही नवे जग घडवीत आहोत’ हे त्या चित्राचे शीर्षक म्हणजे राज्यकर्त्यांच्या वल्गनांवरील जळजळीत उपरोधच होय. तरीही ते चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये जतन झाले. दुसऱ्या महायुद्धात दम्याने जर्जर झालेल्या नॅश यांस शासनाने पुन्हा पाचारण केले. करदात्यांचा पैसा कलेवर जरूर खर्च व्हावा. मात्र तो खर्च करणाऱ्यांनी अप्रिय सत्य पाहण्याचीही तयारी ठेवली पाहिजे.