सागरतळाचा यात्री : जाक कूस्तो

पाण्यात खोल उतरणाऱ्या माणसापुढची पहिली अडचण श्वासाची असते. अवघ्या दहा मीटर खोलीवर शरीरावरील दाब दुप्पट होतो. अशा वेळी साध्या नळीने वरची हवा ओढून घेता येत नाही. पूर्वीचे पाणबुडे दम रोखून बुडी मारीत, नाहीतर धातूचे जड शिरस्त्राण घालून वरून येणाऱ्या नळीला बांधलेले राहत. ही दावण तोडणाऱ्यांत जाक-ईव्ह कूस्तो यांचे नाव ठळक आहे.

कूस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये झाला. ते नौदलात दाखल झाले, पण त्यांना व्हायचे होते वैमानिक. १९३६ साली मोटार अपघातात त्यांचे दोन्ही हात मोडले आणि ती वाट कायमची बंद झाली. हातांत बळ यावे म्हणून ते तुलाँच्या समुद्रात पोहू लागले. फिलिप ताय्ये या नौदलातील मित्राने त्यांना पाण्यात घालावयाचा चष्मा दिला. त्या काचांमधून समुद्राचा तळ स्वच्छ दिसला आणि आयुष्याची दिशा बदलली. पुढे फ्रेडरिक द्यूमा हा निष्णात पाणबुडा त्यांना येऊन मिळाला. या तिघा मित्रांनी मिळून असंख्य बुड्या मारल्या.

महायुद्धात पेट्रोलची टंचाई होती. मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप बनविली होती. १९४३ मध्ये दोघांनी तिचेच रूप बदलून श्वसनयंत्र तयार केले. श्वास ओढताच पाठीवरच्या टाकीतील हवा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने मिळे. मार्न नदीतील पहिल्या चाचणीत मात्र फजिती झाली. उभे राहिले की हवा वाया जाई. डोके खाली केले की श्वास कोंडे. हवा सोडणारे तोंड आणि झडप वेगवेगळ्या पातळीवर होती, एवढेच कारण. दोन्ही शेजारी आणताच दोष नाहीसा झाला. आज मालवण असो वा अंदमान, पर्यटक याच तत्त्वाच्या बळावर प्रवाळ पाहतात.

१९५१ मध्ये कूस्तो 'कॅलिप्सो' या जहाजातून तांबड्या समुद्रातील प्रवाळभित्तींकडे निघाले. सुरुंग काढण्यासाठी बांधलेले हे जुने जहाज पुढे चार दशकांहून अधिक काळ त्यांचे घरच झाले. लुई माल यांच्यासह केलेल्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटाला १९५६ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटातील एक दृश्य आज पाहवत नाही. माशांची गणती करण्यासाठी कूस्तो यांच्या चमूने प्रवाळभित्तीजवळ सुरुंग उडविला आणि मेलेले मासे वेचले. त्या काळी समुद्र अक्षय वाटे, हे खरे; तरी ते मासे त्यांच्या हातून मेले, हेही लपविता येत नाही. याच कूस्तो यांनी १९६० साली भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकण्यास जाहीर विरोध केला. १९७३ मध्ये त्यांनी सागररक्षणासाठी संस्था स्थापन केली.

१९७९ साली विमान अपघातात त्यांचा मुलगा फिलिप मृत्यू पावला. १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात 'कॅलिप्सो' बुडाली. पुढे ती वर काढण्यात आली. २५ जून १९९७ रोजी पॅरिस येथे कूस्तो यांचे निधन झाले.

१९६३ साली सुदानच्या किनाऱ्याजवळ, शाब रूमी येथे, त्यांनी पाण्याखाली दहा मीटरवर घर उभारले होते. पाच माणसे तेथे महिनाभर राहिली. छोट्या पाणबुडीसाठी बांधलेला घुमट अजून तेथेच आहे. त्यावर आता प्रवाळ वाढले आहेत.