कडबा कापणाऱ्या यंत्रामागचा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर

हिवरखेड भागात कपाशी निघाली, तुरीचं कुटार गोठ्यात आलं, ज्वारीचा कडबा रचून झाला की दरवर्षी एकच चित्र दिसतं. अख्ख्या पेंड्या गव्हाणीत पडतात. बैल पाला ओढून खातो, दांडे पायाखाली तुडवतो आणि सकाळी ते दांडे उकिरड्यावर जातात. मार्चनंतर तोच शेतकरी कडबा विकत घ्यायला गावोगाव फिरतो. ज्याच्याकडे हाताने फिरवायचं कुट्टी यंत्र आहे, त्याची गव्हाण मात्र बरीच साफ दिसते. कारण बारीक केलेल्या कडब्यातून पाला वेगळा काढणं जनावराला जमत नाही.

हे कुट्टी यंत्र आपण रोज पाहतो, पण त्याच्या आत काय चालतं हे फारसं कोणी पाहत नाही. एक जड चाक, त्यावर दोन-तीन पाती आणि चाकाला दांडा. दांडा फिरवला की दातऱ्यांवर दोन रूळ एकमेकांकडे फिरतात, कडबा आत ओढतात आणि पात्यापुढे सारतात. रसवंतीचा चरक याच जातीचा, रुळात ऊस दाबतो. परदेशात एकोणिसाव्या शतकात घरोघरी आलेलं कपडे पिळायचं यंत्रही याच जातीचं. दोन लाटांमध्ये ओला कपडा घालायचा, दांडा फिरवायचा, पाणी खाली निथळतं. आधी त्या लाटा लाकडी होत्या, मग त्यांना रबर आलं. नुसत्या आवळायच्या स्क्रूसोबत स्प्रिंग आली, म्हणून जाड चादर आणि पातळ धोतर दोन्ही न अडकता जाऊ लागले. दातऱ्या आल्या, म्हणून फिरवणाऱ्याचा जोर कमी लागला. बोट अडकलं तर लाटा झटकन सुट्या करायची कळ आली. असली प्रत्येक सुधारणा वापरणाऱ्याच्या अडचणीतून येते.

हाताने चालणाऱ्या यंत्रांना आपल्या मुलखात मानाची जागा मिळवून देणारा माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांची गोष्ट आज सांगायची आहे, कारण त्यात तुमच्या-माझ्या कामाचं बरंच काही आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर इथे झाला. शाळेच्या पुस्तकात मन रमत नव्हतं. चित्रं काढणं आणि वस्तू खोलून पाहणं, ह्या दोनच आवडी. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. दोन वर्षांत कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगच दिसत नसतील तर चित्रकार कसं व्हायचं? दुसरा असता तर घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची रेखाटनं ते शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. वर्कशॉप हाताशी आल्यावर यंत्रं उघडून, जोडून ते स्वतःच शिकत गेले.

पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. तिथे १८८८ मध्ये थोरले बंधू रामूअण्णांसोबत सायकलींचं दुकान सुरू झालं होतं. सायकली विकणं, दुरुस्त करणं, शिकवणं, सगळं चालायचं. दोघा भावांचं कामही ठरलेलं होतं. लक्ष्मणरावांचा जीव यंत्रात, तर रामूअण्णांचा हिशेबात आणि माणसं सांभाळण्यात.

दुरुस्ती करता करता लक्ष्मणरावांचं लक्ष शेतीकडे गेलं. कडबा कापायचं हातयंत्र त्यांनी तयार केलं, आणि मग लोखंडी नांगर. इंग्रजी नांगर येत होते, पण महाग. आपल्याकडचा लाकडी नांगर वरवर ओरखडे काढायचा, हरळी-कुंद्याच्या मुळापर्यंत जायचाच नाही. लोखंडी नांगर खोल जात होता, माती उलटी पाडत होता. पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष पसरतं, पिकं जळतात, अशी समजूत होती. पहिला नांगर विकायलाच दोन वर्षे लागली.

ही दोन वर्षे मला फार महत्त्वाची वाटतात. आपण शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होतो. पण जमीन त्याची, बैल त्याचे, कर्जही त्याचंच. नवीन वस्तू फसली तर कारखानदाराचा एक नग जातो, शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो. तो थांबून पाहतो यात काही गैर नाही. लक्ष्मणराव दोन वर्षे थांबले, पण नांगर सोडला नाही. पुढे हाच नांगर त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

धंदा बसतो न बसतो तोच बेळगाव नगरपालिकेला गावाच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा हवी झाली. यंत्रं न्यायची कुठे? त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. औंधमध्ये एका सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांकडे होतं, तेव्हाची ही ओळख. राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. माळ कसला, निवडुंग आणि सापांचं रान. पाणी नाही, सावली नाही. १९१० मध्ये मोजके कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव तिथे उतरले. आधी निवडुंग तोडला, मग छपरं उभी केली, मग भट्टी पेटवली. तीच आजची किर्लोस्करवाडी, सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातली.

ही वाडी नुसता कारखाना नव्हती. तिथे घरं झाली, शाळा झाली. अस्पृश्यता पाळायची नाही असा वाडीचा नियम होता. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. ज्यांना गाव दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या हाती त्यांनी कारखान्याची राखण दिली.

पहिल्या महायुद्धात विलायती माल बंद झाला आणि देशी नांगराला मागणी वाढली. पण लोखंडही मिळेना, दगडी कोळसाही मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळाल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. भट्टीला लाकडी कोळसा वापरून काम चालवलं. तोफेचा नांगर झाला, याहून चांगला उपयोग कोणता?

पुढे उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं, पाण्याचे हातपंप असा पसारा वाढला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या छोट्या पत्रकाचं पुढे ‘किर्लोस्कर’ हे नावाजलेलं मासिक झालं.

आपल्या वऱ्हाडाच्या जवळची एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. चरखा हाताने किंवा पायाने चालावा, झोपडीत बसेल असा असावा, किंमत १५० रुपयांच्या वर नसावी, २० वर्षे टिकावा, दुरुस्तीचा खर्च थोडका असावा, अशा अटी होत्या. किर्लोस्करवाडीतही असा चरखा तयार झाला, पण सगळ्या अटींत तो बसला नाही. ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. अटी मात्र आजही वाचण्यासारख्या आहेत. यंत्र किती काम करतं एवढंच त्यात विचारलेलं नाही. ते किती वर्षे टिकेल, दुरुस्तीला किती लागेल, चालवणाऱ्याला झेपेल का, हेही विचारलेलं आहे.

लक्ष्मणरावांचं निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झालं. १९६९ मध्ये, जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

आता आपल्याकडे येऊ. नोकरीच्या सुरुवातीला एका गावात मी मोठ्या उत्साहाने एका औजाराचं प्रात्यक्षिक घेतलं. गटाने औजार घेतलं. दुसऱ्या हंगामात त्याची एक दातरी तुटली. ती दातरी तालुक्यात मिळाली नाही, जिल्ह्यातही नाही. औजार गोदामात गंजलं. त्यानंतर त्या गावात कोणतीही नवी गोष्ट सांगायला गेलो की लोक हसून गोदामाकडे बोट दाखवत. चूक माझी होती. सुटे भाग कुठे मिळतील हे मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या एका गावात कुट्टी यंत्रावर काम करताना एका बाईची दोन बोटं गेली. पेंडी अडकली म्हणून तिने हाताने रेटली आणि रुळांनी हात ओढला. कपडे पिळायच्या यंत्राला सुटकेची कळ कधीच आली, आपल्या कडब्याच्या यंत्राला साधं झाकणही नव्हतं.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि बचत गटाच्या मंडळींना विनंती. कुट्टी यंत्र घेताना किमतीआधी चार गोष्टी पाहा. एक, पाती, दातऱ्या आणि बुशी जवळच्या बाजारात मिळतात का. दोन, कडबा सारायची नळी हात रुळापर्यंत पोचणार नाही इतकी लांब आणि वरून झाकलेली आहे का. तीन, काम नसताना चाक अडकवून ठेवायला खिट्टी आहे का, म्हणजे लेकरं फिरवणार नाहीत. चार, गावात पात्याला धार लावणारा कोणी आहे का. बोथट पात्याला दुप्पट जोर लागतो, आणि थकलेला हातच चुकतो.

लक्ष्मणरावांचा जन्मदिवस २० जून, म्हणजे आपल्या पेरणीच्या तोंडावर. त्या दिवशी हार-तुरे नकोत. गोठ्यातलं यंत्र बाहेर काढा, गंज पुसा, तेल द्या, पाती घासून घ्या, झाकण नसेल तर गावच्या लोहाराकडून पत्र्याचं बसवून घ्या. यंदाचा कडबा वाया जाणार नाही, आणि कोणाचं बोटही जाणार नाही.